चूलबंद आवतण

गडमुडशिंगीच्या दानम्माला दोन गोष्टी बेतानं करता यायच्या नाहीत, एक बोलणं आणि दुसरं आवतण देणं. गल्लीच्या या टोकाला तिनं "जेवायला या" म्हटलं की त्या टोकाची माणसं हात धुऊन बसायची. त्यामुळं नातीच्या लग्नाची पहिली पत्रिका घेऊन ती इटलीला निघाली, तेव्हा गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. बाई आवतण द्यायलाच चालली होती. गाव तेवढं जरा लांबचं होतं.

साल २००३. दानम्माचा मुलगा श्रीशैल गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत फोरमन होता. मालकानं इटलीतून एक यंत्र घ्यायचं ठरवलं आणि ते शिकून यायला श्रीशैलला पंधरा दिवस तिकडं पाठवायचं नक्की झालं. घरात ही बातमी कळली तशी दानम्मा म्हणाली, "मीबी येनार." श्रीशैल हसला. चार दिवसांनी त्याचं हसू आटलं, कारण म्हातारी पासपोर्टसाठी फोटो काढून आली होती. तिकिटाचं कसं जमलं, ते ती जाणे आणि तिच्या दोन म्हशी जाणोत.

तिचा हट्ट उगाच नव्हता. तिचे वडील रुद्राप्पा मराठा पलटणीत शिपाई होते. १९४४ साली इटलीत लढताना ते गेले, तेव्हा दानम्मा आईच्या पोटात चार महिन्यांची होती. वडील म्हणून तिच्या वाट्याला आला तो एक फोटो. तेवीस वर्षांचा, कानांच्या पाळ्या पुढं आलेला, हसू दाबून उभा राहिलेला पोरगा. त्यांच्याबरोबरच्या कोडोलीच्या एका शिपायानं मागून पत्र पाठवलं होतं. 'साहेब जाळायला निघाले होते. मी सांगितलं, हे लिंगायत, ह्यांच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. तसंच केलं. गळ्यातलं लिंग हातावर ठेवून बसवलं.'

दानम्माच्या लग्नात तिच्या आईनं मांडवात एक पाट रिकामा ठेवला होता. त्यावर कुणी बसलं नाही. आई मरताना म्हणाली होती, "त्यास्नी कुणी बोलीवलंच न्हाय गं कवा. बोलीवल्याबिगार पाव्हणं येत नसतंय. एकदा तरी त्यास्नी आपल्या मांडवात जेवू घाल." दानम्मानं आईच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. आपल्या बापानं एकदा आपल्या दारात बसून चार घास खावेत, एवढीच तिची इच्छा होती, आणि नातीच्या, म्हणजे दानेश्वरीच्या लग्नापेक्षा मोठं कार्य आता तिच्या हयातीत होणार नव्हतं.

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी श्रीशैल आईला घेऊन त्या सैनिकांच्या दफनभूमीत गेला. फॅक्टरीतल्या एका भल्या माणसानं मोटारीनं आणून सोडलं आणि तो बाहेर सिगारेट ओढत थांबला. छान ऊन पडलं होतं. टेकडीवर हिरवंगार गवत, त्यात पांढऱ्या दगडांच्या ओळीच्या ओळी, मधे गुलाबाची छाटलेली झुडपं. आत गेल्यावर आपल्याला रडू येईल असं दानम्माला वाटलं होतं, पण ती स्वच्छता बघून ती हरखलीच.

"लई निगुतीनं ठेवलंय रं ह्येनी," ती म्हणाली. "आपल्या गावच्या मसणवटीत गाढवं चरत्यात."

श्रीशैल एकेक दगड वाचत पुढं चालला. पंजाबातले होते, गढवालातले होते, नेपाळातले होते, पलीकडच्या ओळीत गोरेही होते. मुसलमान पोरांच्या दगडांवर उर्दू होतं. प्रत्येकाचं वय खाली कोरलेलं. एकोणीस. बावीस. एकवीस. दानम्माला अक्षर कळत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक दगडाशी थांबून "ह्यो केवढा?" म्हणून विचारत होती. सहाव्या ओळीच्या टोकाला श्रीशैल थांबला आणि त्यानं पायातले बूट काढले. तेव्हा तिला कळलं.

तिनं पदरानं दगड पुसला, त्याला विभूती लावली, समोर पत्रिका ठेवली, वर अक्षता टाकल्या. मग मांडी घालून बसली आणि डब्यातली भाकरी, शेंगदाण्याची चटणी काढून वडिलांपुढं ठेवली. थोडी स्वतः खाल्ली, थोडी श्रीशैलला दिली. जन्मात पहिल्यांदा ती बापाबरोबर जेवत होती आणि तिला आनंद आवरत नव्हता.

आता, आवतणाच्या आमच्याकडं तऱ्हा असतात. साधं आवतण असलं की 'घरटी एक', म्हणजे घरातलं एक माणूस येऊन जेवून जातं. त्याहून मोठं ते चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. लहानथोर, पैपाहुणा, जे कोण घरात असेल त्यानं जेवायला यायचं. आणि ज्यानं चूलबंद जेवलं, त्यानं पुढं कधीतरी चूलबंदच बोलवायचं, ही रीत.

दानम्मा उठली. हात जोडले आणि गल्लीत ओरडावं तशी ओरडली, "अप्पा! मे म्हैन्यात नातीचं लगीन हाय. यायचं! समद्यास्नी घिऊन यायचं! चूलबंद!"

"अव्वा," श्रीशैल दबक्या आवाजात म्हणाला, "अप्पाला तेवढं बोलीव की. हितं हजारावर मानसं हायती."

"एकट्याला कसं बोलवू? साठ वर्सं एका वळीत हायती. शेजारीपाजारी काय म्हन्तील?"

"आचाऱ्याला काय सांगू मग मी?"

तो हसत होता. तीही हसली. आणि तेवढ्यात वारा पडला. लांब कुठंतरी चर्चची घंटा वाजत होती, ती मधेच बंद झाली. ओल्या मातीचा वास आला, नुकतीच कुदळ मारल्यासारखा. मग एक आवाज झाला. पंगतीत "उठा" म्हटल्यावर शेदोनशे माणसं एकदम गुडघ्यावर हात टेकून उठतात, तेव्हा जसा होतो तसा तो आवाज होता. तो खालून आला.

"अव्वा… ऐकलंस?"

"ऐकलं की," दानम्मा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "व्हय म्हनाल्यात."

श्रीशैलनं तिचा दंड धरला आणि मोटारीपर्यंत तो मागं वळून बघायला तयार नव्हता.

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला, विद्याश्रीला, सांगितलं नाही. लग्नाची धांदल सुरू झाली, दारात मांडव पडला, हळद दळली, आणि ते सगळं त्याच्याही मनातून गेलं. दानम्माच्या मात्र गेलं नव्हतं. तिनं आचारी मल्लेशला गाठून सांगितलं, "सहाशे पानाचं धरलायस, ते वाढीव. लांबचं पाव्हणं हायती." मल्लेशनं मान डोलावली आणि सातशेचं धरलं. आचारी लोक म्हाताऱ्यांचं एवढंच ऐकतात.

लग्न भर दुपारचं. शिरोळहून वऱ्हाड आलं. हलगी घुमली, जंगमस्वामींनी मंत्र म्हटले, बारा पस्तीसला अक्षता पडल्या आणि दानेश्वरीनं लाजता लाजता जोरात शिंक दिली, म्हणून मांडवभर हशा पिकला. पहिली पंगत बसली. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, कटाची आमटी, भात. मे महिन्याचं ऊन असं की मांडवाच्या कापडाखाली माणसं घामानं निथळत होती.

दुसऱ्या पंगतीला मांडवाच्या मागच्या अंगाला गारवा सुटला. दानम्माच्या शेजारची नजीरा तिथं पाणी वाढत होती. तिनं डोक्यावरचा पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग पावलं वाजली, पुष्कळ पावलं, सगळी एका ठेक्यात. आणि बघता बघता मागच्या चार ओळी भरल्या.

सगळी तरणीबांड पोरं. बारीक कापलेले केस, ताठ पाठी, पानाकडं लागलेले डोळे. एक उंच सरदार होता. बसक्या नाकाची, हसऱ्या डोळ्यांची चारपाच पोरं होती. दोन गोरेही होते. विद्याश्रीच्या माहेरच्यांना वाटलं ही शिरोळची मंडळी, साखर कारखान्यावर कुठली कुठली माणसं असतात. शिरोळकरांना वाटलं ही मुलीकडची, एमआयडीसीत काय पंजाबी कमी आहेत का. लग्नात एवढी सोय असतेच, न ओळखलेला माणूस नेहमी दुसऱ्या बाजूचा असतो.

"काकी," नजीरा दानम्माजवळ येऊन कुजबुजली, "त्या पोरांच्या पानात खीर पडती आन् तिची वाफच जाती बगा. चुलीवरनं उतरलेली खीर… गार."

"वाढ तू," दानम्मा म्हणाली. "पोटभर वाढ. लई दिसांची उपाशी हायती."

नजीरानं तिच्या तोंडाकडं एकदा बघितलं. तिनं बादली उचलली आणि वाढायला गेली.

अहो, काय जेवली ती पोरं! एका गोऱ्यानं ठेचा खाल्ला आणि टोमॅटोसारखा लाल होऊन बाकीच्यांकडं बघू लागला, तशी सगळी ओळ खदखदून हसली. तोंडं हसत होती, खांदे हलत होते, पण आवाज काहीच नव्हता. हलगीवाला रंगात आला तसा तो सरदार उठून नाचायला लागला आणि शिरोळचे दोन पाव्हणे त्याच्याबरोबर नाचले. त्यांच्या पायांनी धुरळा उडत होता. सरदाराच्या पायांखालची माती मात्र जागची हलत नव्हती. आणि एक ओळ उठली की दुसरी बसत होती, दुसरी उठली की तिसरी.

तिसऱ्या प्रहराला मल्लेश घामाघूम होऊन आला. "आज्जी, संपलं. पातेलं खरवडलंय. आन् मागं आनि दोन वळी बसल्यात!"

एवढ्या लांबून बोलावलेली माणसं पानावरून उपाशी उठणार? दानम्मा तशीच गल्लीत धावली आणि बोंब ठोकली, "अगं बायांनो, माझी अब्रू चालली! भाकऱ्या आना!" नजीरा सगळ्यांत आधी सुटली. दहा मिनिटांत गल्लीतल्या घराघरातून बुट्ट्या निघाल्या. भाकरी, झुणका, कुणाची कालची चटणी, नजीराच्या घरची शेवयांची खीर. मागच्या ओळींना ते सगळं वाढलं आणि एकही पान अर्धं राहिलं नाही. दानम्मा रडत होती, हसत होती, प्रत्येकाला "घ्या की पावणं, लाजू नगासा" म्हणत होती.

शेवटच्या ओळीच्या टोकाला एक पोरगा मान वर करून तिच्याकडं बघत होता. कानांच्या पाळ्या पुढं आलेल्या, हसू दाबलेलं.

दानम्मा अठ्ठावन्न वर्षांची होती, तिचे गुडघे दुखत होते, डोक्यावर एक केस काळा उरला नव्हता. पण ती त्याच्यासमोर लहान पोरीसारखी उभी राहिली.

"अप्पा…"

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

तिला हुंदका फुटला. ती त्याच्याशेजारी बसली. त्यानं तिच्याकडं झुणक्याची वाटी सरकवली. तिनं एक घास मोडून त्याच्या तोंडात घातला. बोटांना विहिरीच्या तळच्या पाण्यासारखं गार लागलं, पण तिनं हात मागं घेतला नाही. आईला दिलेला शब्द पुरा झाला होता, आणि त्या दुपारी आख्ख्या करवीर तालुक्यात तिच्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

जेवण झाल्यावर ती सगळी पोरं उठली, ओळीत उभी राहिली. रुद्राप्पा निघताना थांबला आणि रीतीप्रमाणं बोलला.

"जेवान झ्याक झालं. आता आमच्याकडं कार्य काडतोय. तुमी यायचं. चूलबंद."

आणि दानम्माच्या तोंडातून जन्मभराच्या सवयीनं निघून गेलं, "येतो की! समदी येतो!"

तो मनापासून हसला. मग पावलं एका ठेक्यात ओढ्याच्या वाटेनं निघून गेली. मांडवातला गारवा गेला आणि माणसं पुन्हा घामाघूम होऊन पत्रावळीनं वारा घेऊ लागली.

संध्याकाळी नवरी शिरोळला सासरी गेली. घर मोकळं झालं. सगळी दमून झोपली.

सकाळी विद्याश्रीनं चहा ठेवायला गॅस पेटवला. पेटला नाही. लायटरची ठिणगी पडत होती, वास येत होता, पण जाळ धरत नव्हता. तिनं सिलिंडर बदलला. मग स्टोव्ह काढला, त्यात रॉकेल होतं, पिन केली, काडी लावली. काडी हातात झकास जळायची आणि बर्नरजवळ नेली की विझायची. "ओली झाली असल पेटी," श्रीशैल म्हणाला आणि नवी पेटी घेऊन आला. नव्या पेटीचंही तेच.

दानम्मा परसातल्या चुलीकडं गेली. लाकडं वाळलेली, गोवऱ्या कडकडीत. तीही चूल धरेना. "नजीरा, तुझी चूल पेटली का गं?" तिनं कुंपणावरून विचारलं. नजीराचा चहा कधीच झाला होता. तिनं पळीत रसरशीत निखारा घालून दिला. दानम्मा तो सांभाळत आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. आत पाऊल टाकलं आणि निखारा काळा पडला.

तिनं पळी खाली ठेवली.

आदल्या दिवशीचं बोलणं तिला शब्दाशब्दानं आठवलं. तिनं ज्या रीतीनं बोलावलं होतं, त्याच रीतीनं अप्पानं बोलावलं होतं. त्यात वाकडं काही नव्हतं, बिचाऱ्यानं मायेनंच बोलावलं होतं. चूक झाली ती तिच्या जिभेची. तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं. विद्याश्री कपाळाचा घाम पुसत काडीमागून काडी ओढत होती. श्रीशैल वाकून नळी बघत होता. 'समदी येतो' म्हणाली होती ती.

दानम्मा उंबऱ्यावर बसली. ओढ्याच्या वाटेकडं तोंड करून हात जोडले आणि बेतानं, शेजारी ऐकू जाऊ नये इतक्या बेतानं बोलली.

"अप्पा, चुकले मी. तोंडाला आलं ते बोलले. पोरांची अजून लई कामं ऱ्हायल्यात… त्यास्नी चूलबंद न्हाय जमायचं. राग मानू नगा. घरटी एक. घरटी एक मानूस येतंय. मी येते."

बाहेर पान हललं नाही. ती थांबली. मग ओल्या मातीचा वास आला, आणि लगेच गेला.

आत फस्स झालं. "अव्वा, पेटला! पेटला!" विद्याश्री ओरडली.

दानम्माच्या जिवात जीव आला. भीती वाटली नाही असं नाही, पण त्याखाली कुठंतरी तिला गुदगुल्या होत होत्या. तिथं ऊन किती छान पडतं, गवत किती हिरवं, आणि अप्पाच्या शेजारी बसून सावकाश बोलायचं म्हणजे साठ वर्षांचं बोलणं होतं. तिनं चहात दोन चमचे साखर जास्त मागून घेतली आणि फुर्र करून पहिला घोट घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. दानेश्वरी होती, शिरोळहून.

"अज्जी, अगं काय गंमत! सकाळपास्नं हितं गॅसच पेटंना. सासूबाई रडकुंडीला आल्या, नवी सून आली आन् चूल रुसली म्हनून. आन् आत्ता आपोआप भडकला बग!"

दानम्मानं कप खाली ठेवला. "आत्ता म्हंजे?"

"आत्ता की. धा-पंधरा मिन्टं झाली असतील."

घरटी एक, ती म्हणाली होती. लग्न दोन घरांचं होतं, मुलीकडचं आणि मुलाकडचं.

"दानी… तिथली समदी बरी हायती न्हवं?"

"बरी काय इचारतीस!" नात आनंदानं हसत होती. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. "आमचं थोरलं आज्जं, यांच्या बाबांचं वडील, दोन वर्सं हातरुनावर हुतं की. लग्नालाबी आनता आलं न्हाई, बोलनंबी बंद. गॅस पेटला तसं ते उठून बसलं! सवताच्या हातानं नवं धोतर नेसलं, फेटा मागून घेटला, आन् आता उंबऱ्यावर बसून नुसतं हसालेत. समदी रडालेत हितं, साखर वाटालेत!"

"काय… काय बोललं का ते?"

"बोललं की. तुलाच निरोप सांगिटलाय. म्हन्त्यात, दानम्माला इचार, किती वाजता निघायचं?"